पहिला ठोका रिकामा

चालायचं गाणं (जुनं)

परण्या हलत नव्हता.

मारुतीचं दर्शन घेऊन लग्नाची मिरवणूक मांडवाकडं निघाली होती. नवरदेव पुन्हा घोड्यावर बसला होता. मांडव समोर दिसत होता, तरी पोरं डीजेच्या ट्रकपुढून पाऊलभर सरकायला तयार नव्हती. मागं उन्हात बायका उभ्या होत्या आणि पदरानं वारा घेऊन घेऊन दमल्या होत्या. मुहूर्त टळला होता. मांडवातून लग्न लावणाऱ्या जंगमस्वामींचा निरोप येऊन गेला होता, मग दुसरा, मग निरोप येणंही बंद झालं होतं.

ट्रकचा मालक अमरेश केबिनमधून अर्धा बाहेर लोंबला आणि मागं बघून त्यानं हवेत हात ढकलला. चालव आता.

मागं मिक्सरसमोर उभ्या असलेल्या वकारनं मान हलवली. अर्धं आयुष्य त्यानं ह्या ट्रकवर काढलं होतं. गाणं बंद केलं तर पोरं भांडतात, चालू ठेवलं तर हलत नाहीत. हे डीजे चालवणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं आणि त्यावर सगळ्यांचा एकच इलाज असतो: मालकानं खाली उतरून नवरदेवाच्या मामाला हात जोडायचे. वकारचा इलाज वेगळा होता. त्यानं पेन ड्राइव्हमधलं एक गाणं लावलं.

आधी बेस आला. जाड, सावकाश, भरलेलं पोतं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यावं तसा. मग गिटार, पण भलत्याच जागी; पाय पडतो तिथं नाही, पाय उचलल्यावर. चक्. चक्. आणि पहिला ठोका, ज्यावर उडी मारायची असते, तो वाजलाच नाही. ढोल थेट तिसऱ्यावर पडला.

पोरांनी उड्या मारून पाहिल्या. उडीखाली काहीच नव्हतं. एकानं ट्रककडं बघत दोन्ही हात गालाखाली घेतले आणि डोळे मिटून दाखवले. दुसऱ्यानं शिवी दिली असावी, ओठांवरून तसं वाटलं. मग उडता येईना म्हणून पोरं चालायला लागली. पोरं चालली म्हणून घोडा चालला, घोडा चालला म्हणून बायका चालल्या.

अमरेश ह्याला चालायचं गाणं म्हणायचा. त्यापलीकडं त्याला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

ट्रकच्या कडेनं चालत एक बाई वर बघून काहीतरी विचारत होत्या. वकार वाकला आणि त्यानं उजवा कान पुढं केला.

“कोणतं गाणं आहे हे?”

“चालायचं.”

“अहो, पण आहे काय?”

“रेगे हाय म्याडम. लांबचं हाय. जमैकाचं.”

“असली आणखी आहेत तुमच्याकडं?”

असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. “लई हायत,” तो म्हणाला. “जुनी बी, नवी बी.”

त्यांचं नाव मंजुश्री. लातूरच्या एका छोट्या रेडिओ केंद्राचं काम त्या बघत होत्या, नवरीच्या मामेबहीण होत्या, आणि अहमदपूरच्या त्या रस्त्यावर त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता. एक चप्पल हातात धरूनच त्यांनी वकारचा नंबर घेतला.

रिकामं

परण्या. ऊन.

पदरानं वा

……… हात

पोतं एका खांद्यावरून

……… चक्

……… चक्

उडीखाली काही

असली आणखी

……… आणखी

……… णखी

जेद्दाची कॅसेट

“रिकामं” हा वकारचा शब्द, आवाज काढून टाकलेल्या गाण्यासाठी. तो लहान असताना त्याचे चुलते खाजामियाँ जेद्दाला ड्रायव्हर होते. तिथून नांदेडला येताना ते कधी घोंगडी आणायचे, कधी अत्तर, आणि एकदा एक कॅसेट आणली, कव्हर नसलेली. एका बाजूला गाणी. दुसऱ्या बाजूला तीच गाणी, पण माणसाचा आवाज मध्येच जायचा. बेस राहायचा, ढोल राहायचा, आणि बऱ्याच वेळानं आवाजाचा एखादा तुकडा परत यायचा, विहिरीच्या तळातून कुणी हाक मारावी तसा.

खाजामियाँनी टेप ठोकून पाहिला. कॅसेट काढून पेन्सिलीनं फिरवून पाहिली. “खराब माल दिया रे उनो,” ते म्हणाले आणि पुन्हा त्या कॅसेटकडं बघितलं नाही.

वकारनं मात्र ती खराब बाजूच ऐकली. मोठेपणी फोनवर शोधता शोधता त्याला कळलं की तो माल खराब नव्हता. तिकडं पद्धतच होती. गाण्याच्या तबकडीच्या पाठीमागं तेच गाणं आवाज काढून टाकून छापायचे, म्हणजे दुसऱ्या कुणाला त्यावर आपलं काही बोलायचं असेल तर बोलता यावं. आणि बेसची एक चाल लोकांना आवडली की तिच्यावर दहा माणसं दहा गाणी म्हणायची. पन्नास वर्षांपूर्वीच्या चालीवर एखादी पोरगी ह्या वर्षी म्हणते आणि कुणाला त्यात चोरी वाटत नाही.

हे सगळं कळून त्याला फार आनंद झाला, असं काही नाही. पण ट्रकवर दिवसभर एक भीती असते. गॅप पडू द्यायचा नाही. गाणं संपायच्या आत दुसरं घुसलं पाहिजे, एका श्वासाचीसुद्धा फट नको. घरी आल्यावर तो पाठ टेकून असली गाणी ऐकायचा, ज्यांत कुणीतरी मुद्दाम फट ठेवली होती. त्या फटीत त्याला पडून राहता यायचं.

कान

लातूरच्या डॉक्टरांनी कागदावर उतरती रेघ दाखवली.

“डावा गेलाय. तो काही परत येत नाही. उजवाही त्याच रस्त्यावर आहे. काम काय करता?”

“डीजे.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “मग मी काय सांगणार. ट्रकवरून उतरलात तर हा राहील. नाही उतरलात तर एखादा सीझन. फार तर दोन.”

“इलाज काय?”

“सांगितला की.”

परतीच्या एसटीत वकारची बायको अफसाना त्याच्या उजव्या बाजूला बसली. आता ती सगळीकडं उजवीकडंच बसायची.

“मी कायी बोलले की डावा कान पुढं करता तुम्ही,” ती म्हणाली. “आता डॉक्टरनं कागदच दिला. आता तर बोलायलाच नको.”

“काय म्हणली?”

“बघा.”

लोहा गेलं. मग ती म्हणाली, “ट्रक सोडून दुसरं काय येतं तुम्हाला?”

नांदेडच्या स्टँडवर उतरताना तो म्हणाला, “गाणी लावता येतात.”

“ते तर झालंच,” अफसाना म्हणाली.

त्याच आठवड्यात मंजुश्रीचा फोन आला. रविवारी दुपारी अर्धा तास मोकळा होता. आधी दोन रविवार करून बघायचं. लोकांचे फोन आले तर केंद्राची समिती कार्यक्रम कायम करेल आणि तो करायला माणूसही ठेवेल. “मोठं केंद्र नाही आमचं, वकारभाई. लातूरच्या भोवतीची गावं, तेवढंच. पण काचेच्या आत बसायचं असतं. शांत असतं तिथं.”

शांत असतं, एवढंच त्याला नीट ऐकू आलं.

निवड

देगलूर नाक्याच्या घरात, दुपारी, अफसाना पापड लाटतीय आणि वकार जमिनीवर बसून एका स्पीकरवर तळहात ठेवून बसलाय.

कानाचा भरवसा उरला नाही तेव्हापासून तो बेस हातानं बघतो. चांगला बेस तळहातातून कोपरापर्यंत येतो आणि तिथं थांबतो. वाईट बेस मनगटातच थरथरतो.

गाण्यांची नावं त्याच्याकडं कधीच नव्हती. कॅसेटला कव्हर नव्हतं तेव्हापासूनची सवय. त्यानं आपलीच नावं दिली होती.

जुनं: भाड्याच्या खोलीचं. छत गळतंय आणि माणूस मालकाला काहीच म्हणत नाही, पावसालाच म्हणतो की जरा हळू.

त्याचंच रिकामं.

नवं: त्याच चालीवर एक पोरगी. आवाज कोरडा, सकाळी उठल्या उठल्या बोलावं तसा. ती कशाबद्दल म्हणते ते वकारला पुरतं कळत नाही. घाई नाही, एवढं कळतं.

जुनं: कोंबडं आरवायच्या आधीचं. ह्यात ऑर्गन खालून उकळत असतो, चुलीवर डाळ ठेवल्यासारखा.

नवं: आफ्रिकेतल्या कुठल्या तरी शहरातलं. ढोल मशीनचा आहे, तरी पहिला ठोका रिकामाच. मशीनलासुद्धा त्यांनी थांबायला शिकवलंय.

आणि शेवटी चालायचं गाणं.

“सगळी एकसारखीच वाटतात की,” अफसाना म्हणाली.

“एकसारखीच हायत.”

“मग एकच लावा.”

त्याला हसू आलं. मग त्यानं भाड्याच्या खोलीचं पुन्हा लावलं आणि तिनंही लाटणं थांबवून स्पीकरवर हात ठेवला, पिठाचा. काळ्या जाळीवर पाच बोटं उमटली. ती त्यानं पुसली नाहीत.

पहिला रविवार

केंद्र म्हणजे एका जुन्या शाळेतल्या दोन खोल्या. मध्ये काच. काचेच्या अलीकडं यंत्रावर धम्मानंद, जो तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास टेबलाखाली पुस्तक धरून करायचा. पलीकडं माइकसमोर मंजुश्री आणि वकार.

मंजुश्रीनं ओळख करून दिली. वकारनं घसा साफ केला. “नमस्कार. मी वकार, नांदेडहून. आता जुनं लावतो, मग नवं. दोन्हीची चाल एकच हाय.”

“म्हणजे भजनी मंडळात असतं तसं,” मंजुश्री म्हणाली. “चाल एक, शब्द वेगळे.”

“हाव. तसंच.”

भाड्याच्या खोलीचं गाणं गेलं. चांगलं गेलं. मंजुश्री खुर्चीत जराशी मागं रेलली. मग त्याचं रिकामं सुरू झालं. माणूस पावसाला म्हणाला, जरा ह, आणि गेला. बेस उरला. गिटारचा एक तुकडा लांब जाऊन विरला. मग बेसही गेला आणि नुसता ढोल, तोही पहिला ठोका सोडून.

काचेपलीकडं धम्मानंद ताठ झाला. त्यानं एक वायर दाबली. दुसरी दाबली. फोन वाजला. त्यानं उचलला तोवर दुसरा वाजला.

“आवाज गेला तुमचा,” रेणापूरकडचे कुणी आजोबा म्हणत होते. “नुसती खडखड येऊन राहिली.”

“गाणं अटकलंय,” औशाची एक बाई म्हणाली. “तेच तेच व्हायलंय. तुमचं मशीन बंद करून चालू करा, आमचं टीव्हीचं असंच होतं.”

धम्मानंदनं पुढं काही ऐकलं नाही. अशा वेळी काय करायचं ते त्याला पाठ होतं. त्यानं फिलरची कळ दाबली. फिलर म्हणजे गॅप पडला तर लावायची ठरलेली जिंगल. जमैकातल्या त्या गळक्या खोलीवर एकदम बायकांचं कोरस आलं: पेरणीआधी बीजप्रक्रिया करा.

वकारनं काचेतून त्याच्याकडं पाहिलं. धम्मानंदनं अंगठा वर केला. वाचवलं.

नंतर शाळेच्या पायऱ्यांवर मंजुश्री आणि वकार चहा घेत बसले.

“फोन तर भरपूर आले,” वकार म्हणाला.

“तक्रारीचे, वकारभाई. ते समितीला नाही दाखवता येत.” तिनं चहाचा कप फिरवला. “पुढच्या रविवारी ती तुटकी गाणी नकोत. आवाजवालीच लावा. जुनी लावा, नवी लावा.”

“तुटकी न्हाईत म्याडम. आमच्या चच्चांना बी तसंच वाटलं होतं.”

“मला कळतंय. त्यांना कळायला हवं ना.”

“मग सांगतो की त्यांना.”

ती दमलेली होती. सकाळपासून बालसंगोपन, मग भजन, मग हे. “सांगा,” ती म्हणाली. “पण एकच तुटकं.”

दुसरा रविवार

“आता ह्या गाण्यातला आवाज जाईल,” वकार माइकवर म्हणाला. “मशीन खराब न्हाई. रेडिओ खराब न्हाई. पलीकडं बसलेले धम्मानंदभाऊ बी चांगले हायत. आवाज जाईल, आन् परत येईल. तवर रेडिओला हात लावू नका. फोन बी करू नका. काम करत असाल तर जरा बसा. बसले असाल तर बसूनच राहा.”

मग त्यानं लावलं.

रिकामं

………

……… जरा ह

………

……… बसूनच रा

………

कोणाचाच फोन

समिती

कोणाचाच फोन आला नाही. त्या गाण्याला नाही, त्याच्या पुढच्या नव्याला नाही, शेवटच्या चालायच्या गाण्यालाही नाही. वकारला त्या दिवशी बरं वाटलं होतं. परतीच्या एसटीत तो झोपला, डाव्या कानात आता सतत वाजणारी शिट्टी असूनही.

आठवड्यानं मंजुश्रीचा फोन आला. समितीची बैठक झाली होती.

“त्यांच्यापुढं फोनचा आकडा ठेवावा लागतो. आकडाच नव्हता.”

वकारनं फोन उजव्या कानावर घट्ट दाबला.

“फोन करू नका म्हणालात ना तुम्ही?”

“हाव.”

“त्यांनी ऐकलं तुमचं.”

तिकडून मागं कुठंतरी बीजप्रक्रियेचं कोरस ऐकू येत होतं.

“मी भांडले, वकारभाई. म्हटलं, लोक ऐकत बसले होते म्हणून फोन आला नाही. अध्यक्ष म्हणाले, ऐकत होते हे कशावरून? मला सांगता आलं नाही.”

“कसं सांगणार,” वकार म्हणाला.

(इथं एक गाणं होतं. काढलं.)

सीझन

“या, रेडिओवाले,” अमरेश म्हणाला. “आम्हाला ओळख हाय का?”

अहमदपूरच्या मार्केट यार्डामागं ट्रक उभा होता. दोघं मिळून बेसचे डबे बांधत होते. एवढ्या वर्षांत कुठल्या डब्याला कुठली दोरी हे बोलायची गरज उरली नव्हती. पहिलं लग्न बिलोलीला होतं, मग भोकर, मग गावं एकमेकांत मिसळून जाणार होती.

“आमच्या धोंडाबाई मावशीनं ऐकलं तुझं,” अमरेश म्हणाला. “म्हणली, तो माणूस बसा म्हणला म्हणून बसले. लई दिवसांनी बसले, म्हणली.”

“मग फोन कामून न्हाई केला?”

“तूच म्हणला ना करू नका.”

वकारनं दोरीची गाठ ओढली. वाकताना त्याच्या खिशातून अफसानानं कानात घालायला दिलेला कापूस बाहेर डोकावला. सकाळी तिनं नुसती पुडी हातावर ठेवली होती, प्रवासाला जाणाऱ्याला बडीशेप द्यावी तशी.

“कापूस घालून गाणी कशी लावशील?” अमरेशनं विचारलं.

“हातानं बघीन.”

“आन् दोन वर्षांनी?”

“हातानंच.”

अमरेश डब्यावर बसला. त्याचं स्वतःचं पोट ह्या ट्रकवर होतं आणि वकारसारखा माणूस त्याला दुसरा मिळणार नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. मग तो उठला आणि उरलेल्या डब्याची दोरी ओढायला लागला.

बिलोलीचं लग्न झालं. भोकरच्या परण्यात ऊन एवढं होतं की घोड्याच्या तोंडावर पाणी मारावं लागलं. वकारनं चालायचं गाणं लावलं आणि तळहात डब्यावर ठेवला. बेस कोपरापर्यंत आला. गिटार मात्र त्याला सापडली नाही. त्यानं कापूस काढला. तरी सापडली नाही. पोरं चालत होती, म्हणजे ती वाजत होती. मागं बायका पायांनी तिच्या जागा दाखवत होत्या, उचलला, उचलला, आणि त्या पायांकडं बघून त्यानं गाणं संपेपर्यंत चक् चक् मोजलं.

दुसऱ्या दिवशी मंजुश्रीचा फोन आला तेव्हा त्यानं तो अफसानाकडं दिला.

अफसाना ऐकत होती आणि त्याच्याकडं बघून मोठ्यानं सांगत होती. “तो धम्मानंद तलाठी झाला. यंत्रावर माणूस पायजे म्हणतात. रोज.” मग थांबून, “रेगे नाही म्हणतात. बाजारभाव, आरोग्य, भजन. गॅप पडू द्यायचा नाही, एवढंच काम.” मग फोनवर हात ठेवून ती म्हणाली, “लातूरला माझ्या बहिणीच्या, मुबश्शिराच्या घरावरची खोली रिकामी हाय.”

“गॅप पडू द्यायचा न्हाई?” वकारनं विचारलं.

“हाव.”

“तेच तर करून राहिलो आजवर.”

“पण काचेच्या आत,” अफसाना म्हणाली.

अमरेशला सांगायला तो स्वतः गेला. अमरेशनं ऐकून घेतलं, ट्रकच्या चाकाला एक लाथ मारली, मग म्हणाला, “जा लेका. कान तुझा हाय. पण परण्या माझा हाय. ते चालायचं गाणं ठेवून जा.”

वकारनं तेवढं एक गाणं भरून पेन ड्राइव्ह दिला. अमरेशनं तो जानव्याला बांधलेल्या किल्लीसारखा बोटात फिरवला आणि म्हणाला, “गाण्याचं नाव काय टाकलंय?”

“चालायचं.”

बाजारभाव

काचेच्या अलीकडं खरंच शांत होतं. इतकं की कानातली शिट्टी मोठी वाटायची.

यंत्राच्या डोक्यावर धम्मानंदच्या अक्षरात कागद चिकटवलेला: आवाज थांबला की लगेच फिलर. वकारनं तो काढला नाही. भजनाच्या मध्ये पेटीवाला दम घ्यायला थांबला की त्याचं बोट आपोआप कळीवर जायचं. बीजप्रक्रियेचं कोरस त्याला झोपेतही ऐकू यायला लागलं. शाळेसमोरच्या रस्त्यानं कधी एखादा डीजे जायचा तेव्हा काच थरथरायची. तो तळहात टेकवून बघायचा. मनगटातच. वाईट बेस. अमरेशचा नव्हे.

दुपारी मंजुश्री बाजारभाव वाचायची. त्याच्याखाली एक बासरी वाजायची. ती इतकी जुनी होती की कॅसेटवरून घेतलेली तिची फाइल मध्ये एका ठिकाणी खरखरायची.

“ही बासरी बदला हो वकारभाई,” एक दिवस ती म्हणाली. “कंटाळा आला. दुसरं काहीतरी टाका. गाणं नको, आवाज नको. नुसतं खाली वाजत राहील असं.”

“आवाज नको?”

“माझाच आवाज असतो ना वर.”

वकारनं तिच्याकडं बघितलं. ती कागद नीट करत होती, तिनं काही विशेष म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं भाड्याच्या खोलीचं रिकामं लावलं, एकदम हळू. ती वाचायला लागली. तूर, लाल. तूर, पांढरी. सोयाबीन. हरभरा. आवक चांगली, भाव स्थिर. खालून बेस पोतं उचलत होता. कुणाचा फोन आला नाही. कुणाला कळलंही नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं पोरीच्या नव्या गाण्याचं रिकामं लावलं. चाल तीच. नंतर एकदा जुनं, एकदा आफ्रिकेचं. आठवड्याची निवड तो घरी, मुबश्शिराच्या घरावरच्या खोलीत, जमिनीवर बसून करायचा, आणि स्पीकरच्या त्या काळ्या जाळीवर अफसानाची पाच बोटं अजून पुसट दिसायची.

मंजुश्रीचं वाचन बदलायला लागलं. तिला ते कळलं नसावं. आधी ती एका दमात वाचायची, जणू मागं कुणी लागलंय. आता हरभरा म्हटल्यावर ती जरा थांबायची. मूग म्हणायची आणि तो बरोबर गिटारच्या जागी पडायचा, पाय उचलल्यावर.

एका बुधवारी ती पान उलटत होती. खाली बेस गेला, ढोल उरला. तिनं पान उलटलं आणि वाचलं नाही. नजर कागदावरच होती. ती ठोक्याची वाट बघत होती आणि तो ठोका रिकामा होता.

वकारचं बोट कळीवर गेलं.

फोन वाजला. त्यानं तो डाव्या हातानं उचलून उजव्या कानाला लावला.

“हॅलो, रेडिओवाले का? आवाज गेला बघा तुमचा.”

काचेपलीकडं मंजुश्रीनं मान वर केली. तिला फोन दिसला, कागद दिसला, कळीवर टेकलेलं बोट दिसलं. तिनं तोंड उघडलं नाही. वकारनं बोट कळीवरून उचललं आणि टेबलावर ठेवलं.

“न्हाई गेला,” तो फोनमध्ये म्हणाला. “येऊन राहिलाय. थांबा जरा.”

पलीकडचा माणूस थांबला. त्याच्या मागं कुठंतरी एक म्हैस ओरडली.

“उडीद,” मंजुश्री म्हणाली.